बाबांनी संपवलेले चार ग्लास

माझ्यासाठी आलेलं तिसरं स्थळ वाइनच्या कारखान्यातलं होतं. मुलगा तिथे नेमकं काय करतो, असं बाबांनी विचारलं, तेव्हा पहिली माहिती काढून आलेला मामा जरा वेळ पंख्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "चव बघतो."

"कसली?"

"वाइनची. म्हणजे दारूचीच की हो, भावजी."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने ते ऐकलं आणि काही न बोलता परत आत गेली. आमच्या घरात याचा अर्थ नकार असा धरायचा असतो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही नेरूळला नुकतेच राहायला आलो होतो. सोडतीत लागलेलं घर, भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास, खिडकीबाहेर जिकडेतिकडे खणलेली माती. रेल्वे येणार असं सगळे सांगायचे आणि आम्ही बसने फिरायचो. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते, मी वाशीच्या एका ऑफिसात टायपिस्ट. मूळचे आम्ही कोकणातले. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली, आणि ते चांगले पिणारे होते म्हणून त्या सोडण्याला घरात फार किंमत होती. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना बाबा पाचवं शील, म्हणजे मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, बाकीच्या चारांपेक्षा किंचित वरच्या पट्टीत म्हणायचे. पुढच्या रांगेला ऐकू जावं म्हणून, असा मला संशय होता.

संशय घेणं आमच्याकडे जेवण्याइतकं नियमित होतं. कोणी फार गोड बोललं की आई म्हणायची, "याला काय हवंय?" कोणी कमी बोललं की मामा म्हणायचा, "काहीतरी लपवतोय." मधल्या माणसांना आमच्या घरात जागाच नव्हती. मीही त्याच मुशीतली. कोणी माझी स्तुती केली तर मी आधी मागे वळून बघायचे, माझ्या मागे कोण उभं आहे.

स्थळाची चौकशी हा मामाचा प्रांत. लग्न जुळवायचं म्हणजे दोन्हीकडचे लोक गुपचूप एकमेकांची चौकशी करणार, हे तर सगळीकडेच आहे. पानवाल्याला विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं, वॉचमनला बिडी द्यायची. पण मामाची स्वतःची एक युक्ती होती. तो मुलाच्या अगदी जवळ जायचा आणि विचारायचा, "किती वाजले हो?" मामाच्या मनगटावर घड्याळ असायचंच. पण मुलगा मान खाली घालून घड्याळ बघतो, तोंड उघडून वेळ सांगतो, आणि मामाला वास कळतो. माझं पहिलं स्थळ असंच गेलं होतं. दुसऱ्या मुलाला कसलाच वास नव्हता, पण त्याचं घड्याळ बंद पडलेलं होतं, आणि बंद घड्याळ मिरवणारा माणूस मामाला पटेना.

हा तिसरा मुलगा त्याच्या आईबरोबर पोहे खायला आला. माणसं आमच्यातलीच, मराठवाड्यातली, नावड्याच्या कॉलनीत राहणारी. मामाने दारातच त्याला वेळ विचारली. त्याने सांगितली. मामाने आमच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे वास नाही. मग आत येऊन माझ्या कानाशी पुटपुटला, "बडीशेप खाऊन आला असेल."

मुलाची आई आडपडदा न ठेवणारी बाई होती. बसल्या बसल्या म्हणाली, "आदीच सांगते. माझा नवरा हातभट्टीची पिऊन गेला. लेकराला म्या बजावलंय, एक थेंब नरड्याखाली गेला तर माझं तोंड बगू नको."

"मग त्या कारखान्यात कशाला ठेवलं?" माझी आई म्हणाली.

"बी.एस्सी. करून दोन वर्सं घरी बसला व्हता. नोकरी मिळाली ती घेतली. तोंडात घ्यायचं आन थुकायचं, येवढंच काम हाय त्येचं."

तोंडात घ्यायचं आणि थुंकायचं! मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईने आपणहून कबुलीजबाब दिलाय. जगात कोण दारू तोंडात घेऊन थुंकतो?

मुलाच्या ते लक्षात आलं असावं. त्याने बशी खाली ठेवली आणि बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही एकदा येऊनच बघा. लपवण्यासारखं काही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही पण या."

आधीच्या दोघांनी मला लग्नानंतर नोकरी सोडणार का असं विचारलं होतं. याने कामावर बोलावलं. मला तो आवडला, अगदी तिथल्या तिथे आवडला, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संशय आला.

ती मंडळी गेल्यावर मामा म्हणाला, "लपवण्यासारखं काही नाही, असं जो सांगतो ना, त्याच्याकडेच गोडाऊन भरून असतं. ताडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, आणि हा तर ताडाच्या शेंड्यावर चढून बसलाय."

"बघून येऊ," बाबा म्हणाले. "बघायला काय जातंय?"

मार्चमधल्या एका सुट्टीच्या दिवशी मी, बाबा आणि मामा नावडे फाट्याला बसमधून उतरलो. वाटेत बाबांनी ठरवून टाकलं होतं की ते स्वतः वाइन तोंडात घेऊन बघणार. घोट न गिळता थुंकता येतो की नाही, हे लोकांच्या सांगण्यावरून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "चूळ भरल्यासारखं," ते म्हणाले. "चूळ टाकून दिली की शील मोडत नाही." मामाला हे पटलं नाही, पण बाबांना अडवायची त्याची छाती नव्हती.

कारखाना फाट्यापासून आत, आंब्याच्या बागेमागे होता. तळोज्याच्या चिमण्या दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. इंग्रजांच्या काळात साहेब लोकांसाठी आणि चर्चसाठी तिथे वाइन व्हायची, दारूबंदी आली तेव्हा फक्त चर्चपुरती राहिली, आणि आता मुंबईची हॉटेलं घ्यायला लागली होती. दगडी इमारत, जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर. नाशिककडून द्राक्षांचे ट्रक आले होते. फाटकापासूनच वास येत होता. दारूचा वाटेल म्हणून मी नाक तयार ठेवलं होतं, पण तो आंबोळ्यांचं पीठ जरा जास्त आंबलं की येतो तसा होता. घरचा वास निघाला म्हणून मला उगाचच फसवल्यासारखं वाटलं.

मामा फाटकावरच थांबला. चौकशीची खरी जागा तीच, असं त्याचं शास्त्र. वॉचमन जवळच्याच गावातला आगरी म्हातारा होता. मामाने बिडी दिली आणि मुलाबद्दल विचारलं.

"लय सरल पोरगा हाय," म्हातारा म्हणाला. "फुकटची पन घेत नाय."

मामाचा चेहरा पडला. फुकटची कोण सोडतं? म्हाताऱ्याला पढवून ठेवलेलं दिसतंय, असं त्याने मला नंतर सांगितलं.

मुलगा आम्हाला घ्यायला बाहेर आला. पांढरा एप्रन, हात धुतलेले, केसांना तेल. त्याने आम्हाला आतल्या बाजूच्या पायऱ्या उतरून एका थंड खोलीत नेलं. ही चाखायची खोली. एका भिंतीला लाकडी पिंपं ओळीने आडवी ठेवलेली, मध्ये लांब टेबल, त्यावर कांजी केलेलं पांढरं कापड आणि लांब देठांचे ग्लास. खिडक्या नव्हत्या. वाइन गढूळ आहे की नितळ ते वरच्या दिव्यात कळत नाही, म्हणून ती मेणबत्तीसमोर धरून बघायची, अशी तिथली रीत होती. खोलीत तिथले मॅनेजर होते, सत्तरीचे, फार अदबीने बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि ताज्या द्राक्षांचा रस दिला. बाबांना "या, बसा" न म्हणता "या, उभे राहा" म्हणाले आणि स्वतःच हसले. बसून चव कळत नाही म्हणे.

"आधी याचं काम बघा," ते म्हणाले.

मुलाने भिंतीवरच्या खुंटीवरून एक छोटं मातीचं गाडगं काढलं. त्याला सुतळी बांधलेली होती. ती त्याने डोक्यावरून गळ्यात घातली. गाडगं छातीवर आलं. मग एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात ग्लास. रंग बघितला, वास घेतला, घोट तोंडात घेतला, गालांत फिरवला, मान वाकवली आणि गाडग्यात थुंकला.

मी तेवढा वेळ त्याच्या गळ्यावरची गाठ बघत होते. माणूस गिळतो तेव्हा ती वर जाते. ती हलली नाही. तो पुढच्या ग्लासाकडे वळला, तरी माझी नजर तिथेच. परत हलली नाही. मला इतका आनंद झाला की हातातला रस मी एका दमात संपवला. माझं लग्न ठरलं, असं मी मनात म्हणून टाकलं.

या आनंदात बाबांकडे माझं लक्ष नव्हतं. मॅनेजरनी त्यांच्या हातात पहिला ग्लास दिला होता आणि बाबांनी, ठरल्याप्रमाणे, मोठा घोट तोंडात घेतला होता. मी बघितलं तेव्हा त्यांचे गाल फुगलेले होते. मॅनेजर दुसरं गाडगं घेऊन त्यांच्यासमोर उभे होते. हार घालताना धरतात तशी सुतळी दोन्ही हातांनी पसरून ते म्हणत होते, "गळ्यात घ्या, हात मोकळे राहतात. इथली जुनी पद्धत आहे."

बाबा एक पाऊल मागे सरकले. त्यांनी गाडग्याकडे बघितलं, मग मुलाकडे. आणि त्यांच्या गळ्यावरची गाठ वर गेली.

त्यांनी घोट गिळला होता.

मॅनेजर क्षणभर गोंधळले, मग हसून गाडगं त्यांनी टेबलावर ठेवलं. "आवडली वाटतं," ते म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि ग्लासातलं उरलेलंही पिऊन टाकलं. मग दुसरा ग्लास. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा संपवून त्यांनी तो पांढऱ्या कापडावर जपून ठेवला आणि म्हणाले, "छान आहे. निघतो आम्ही."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसले होते. मामा त्यांच्या शेजारी होता. जरा वेळाने तो बाबांकडे सरकला, वाकला आणि, खोटं नाही सांगत, त्याने विचारलं, "भावजी, किती वाजले?" बाबांनी वेळ सांगितली. मामा सरळ होऊन बसला आणि नेरूळ येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

घरी आईला काही सांगावं लागलं नाही. तिने दार उघडलं तेव्हाच तिला कळलं. बाबा हातपाय धुऊन झोपले. आईने मामाला विचारलं, मामाने मला विचारलं, आणि मला काय माहीत? मी म्हटलं, "त्यांना थुंकायला दिलं होतं. ते थुंकले नाहीत."

"का?"

"त्यांनाच विचार."

आईने विचारलं नाही. आमच्या घरात संशय घ्यायची सवय होती, विचारायची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती बाबांचे कंपनीतून आलेले शर्ट भिजवण्याआधी नाकाशी न्यायला लागली. त्या शर्टांना तळोज्याचा वास इतका असायचा की त्याखाली काही लपलं असतं तरी कळलं नसतं, आणि हेच तिला जास्त खटकायला लागलं. मीही मागचं उकरायला लागले. ओव्हरटाइम म्हणून बाबा उशिरा यायचे ते खरंच ओव्हरटाइम होता का? पाचवं शील ते मोठ्याने म्हणायचे ते कोणाला पटवायला? लहानपणापासून मी ज्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडला, त्याच्याकडे चोरून बघायला लागले, याची मला लाज वाटायची, आणि तरी मी बघायचेच.

रविवारी विहारात मी मुद्दाम त्यांच्या मागे बसले. पहिली चार शीलं त्यांनी म्हटली. पाचव्याला सगळ्यांचे आवाज उठले आणि त्यांचा उठला नाही. ते हात जोडून, ओठ मिटून बसले होते. म्हणजे यांना खंत आहे, हे मला कळलं, पण खंत कशाची तेच कळेना. एकदा चुकल्याची, की पुन्हा चुकणार असल्याची?

त्याच आठवड्यात मुलाच्या आईचा निरोप आला. विहारातल्या एका बाईंनी तो आईला खाली नळाजवळ सांगितला. मुलगी चांगली आहे, पण वडील घेतात. मी एकदा दारूच्या घरात पोळले, आता तसल्या घरातली सोयरीक नको.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मामा ओरडला. "वाइनच्या कारखान्यात पोरगा आणि नकार आपल्याला? सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

मला मामाचा राग आला नाही, त्या बाईचा आला नाही, मुलाचा आला. आत त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. मॅनेजर काही नावड्याला जाऊन चहाडी करणार नव्हते. म्हणजे यानेच आईला सांगितलं. गळ्याची गाठ न हलवणारा सज्जन माणूस, आणि पोटात गोष्ट राहत नाही! मी त्याला मनातल्या मनात इतकी नावं ठेवली की टाइप करताना चुका होऊ लागल्या. आणि तरी, खरं सांगायचं तर, मला तोच हवा होता. दुसरं स्थळ येईल, मामा त्याला वेळ विचारेल, हे सगळं पुन्हा, या विचाराने मला रडू यायचं.

आणि एका संध्याकाळी तो आला. एकटाच. आईने दार उघडलं आणि त्याला आत घ्यावं की नाही हे न सुचून बाजूला झाली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला.

"काका, एक विचारायचंय," तो उभ्यानेच म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही थुंकला का नाहीत?"

शेवटी कोणीतरी विचारलं.

"आवडली मला," बाबा म्हणाले. "म्हणून प्यायलो. तुझ्या आईला सांगितलंस ते बरोबर केलंस."

"आईने विचारलं, पाहुण्यांनी काय केलं. मी तिच्याशी खोटं बोलत नाही. पण तुम्ही आता माझ्याशी खोटं बोलताय. माफ करा काका. तो तिसरा ग्लास होता ना, तो बिघडलेल्या पिंपातला होता. व्हिनेगर झालेला. चांगली कुठली आणि वाईट कुठली, हे पाहुण्यांना कळावं म्हणून मुद्दाम देतात. सगळे तोंड वाकडं करून थुंकतात. पिणारा माणूस तर लगेच थुंकतो, कारण त्याला चव माहीत असते. तुम्ही तो पूर्ण संपवलात. ती कोणालाच आवडत नाही."

बाबांच्या डोळ्यांत त्या वेळी आलेलं पाणी मला आता समजलं. मला ते नशेचं वाटलं होतं.

"तू आत जा," बाबा मला म्हणाले.

"माझ्याच लग्नाचं चाललंय," मी म्हटलं. "मी कुठे जाऊ?"

बाबांनी बराच वेळ पेपरची घडी सारखी केली. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "ते गाडगं."

मुलाचा हात नकळत छातीशी गेला.

"माझे वडील सांगायचे. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. पेशवाईत आपल्या माणसाला रस्त्याने जायचं तर गळ्यात मडकं बांधून जावं लागायचं. आपली थुंकी जमिनीवर पडली तर जमीन बाटते म्हणून. माझ्या तोंडात घोट होता आणि ते गृहस्थ सुतळी पसरून माझ्या डोक्यापर्यंत आले. चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण माझी मान वाकेना. खाली थुंकता येईना, त्यांच्या जागेत. मग गिळला."

"आणि पुढचे तीन?"

"पहिल्यानंतर थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. तुझ्यासमोर. आणि तू ते गळ्यात घालून उभा होतास."

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. आमच्यातल्या कोणत्या पोराला ती माहीत नसते? दर वर्षी भाषणात ऐकायची, टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. पण त्या थंड खोलीत, काचेच्या ग्लासांच्या आणि पांढऱ्या कापडाच्या शेजारी, ती माझ्या मनातसुद्धा आली नाही. मी एका गळ्याची गाठ हलते का ते बघत होते. त्याच गळ्यात काय लटकतंय ते मी बघितलंच नव्हतं.

मुलगा खुर्चीवर बसला. बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं, तो आपणच बसला.

"पहिल्या दिवशी मला आठवलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, साहेब लोकही घालायचे, मॅनेजरपण घालतात, कामाची वस्तू आहे. आपण कशाला मनाला लावून घ्यायचं? मग सवय झाली. आता खुंटीवरून काढतो, घालतो, मला कळतपण नाही." तो हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. "आईला माहीत नाही. तिला वाटतं मी बेसिनमध्ये थुंकतो."

"मग सांगू नकोस," बाबा ताडकन म्हणाले. "तिनं तुला नवऱ्याच्या मागे एकटीनं वाढवलंय. तिच्या डोळ्यांपुढे ते कशाला आणतोस? मी पितो असंच राहू दे. मला काही फरक पडत नाही."

"पण मग लग्न..."

"लग्नं काय, दुसरीकडे पण होतात."

इथे माझा बांध फुटला. मी दोघांनाही ऐकवलं. म्हटलं, तुम्ही एकमेकांची मनं सांभाळा, खुशाल सांभाळा, पण त्यात मी कुठे आहे? बाबांनी तुमच्यासाठी दारुडा म्हणवून घ्यायचं, तुम्ही आईसाठी गप्प राहायचं, आणि मी घरी बसून शर्टांचे वास घ्यायचे? आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी जे बोलले ते सगळं खरं होतं, आणि तरी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून माझा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. एवढे दिवस मी या माणसाच्या मागे बसून त्याचे ओठ हलतात का ते तपासत होते.

मुलगा उठला. "बघतो," एवढंच म्हणाला आणि गेला. बघतो म्हणजे काय? मामाला नंतर हे कळलं तेव्हा त्याने निकाल दिला, "बघतो म्हणजे नाही. मी पण लोकांना हेच सांगतो."

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. आईने शर्ट न हुंगता भिजवायला सुरुवात केली, तेवढाच काय तो बदल. बाबांना ती काही बोलली नाही, फक्त एका सकाळी त्यांच्या डब्यात तिने त्यांना आवडणारा सुका जवळा दिला, आठवड्याच्या मधल्या वारी. कारखान्यात काय झालं ते मला फार नंतर कळलं. मुलाने मॅनेजरना सांगितलं की मी गाडगं टेबलावर ठेवून काम करीन. ते म्हणाले, जमेल तसं कर. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मेणबत्तीसाठी त्याने टेबलावर एक स्टँड आणून ठेवला.

मग एका दुपारी मुलाची आई आली. एकटी, दोन बस बदलून, उन्हातून. सुट्टी होती म्हणून आम्ही सगळे घरी होतो, मामासुद्धा. तिला बघताच मामा उठून उभा राहिला आणि, मला वाटतं, सवयीने वेळ विचारणार होता, पण गप्प बसला. आईने पाणी दिलं. तिने तांब्या खाली ठेवला, घोटभरही न पिता, आणि बाबांच्या समोर जमिनीवरच बसली. खुर्ची पुढे केली तर हाताने नको म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ही बाई आता काय बोलते यावर माझं सगळं अवलंबून होतं, आणि तिच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. उन्हाने ती काळवंडली होती. ती बाबांकडे बघत राहिली, तपासल्यासारखी. बाबांनी नजर खाली केली नाही.

"लेकरानं सांगितलं," ती म्हणाली. "समदं सांगितलं. तीन वर्सं त्येनं गळ्यात घातलं, आन मला ठावं न्हाई."

"त्याची चूक नाही, ताई," बाबा म्हणाले.

"चूक म्हनलं का म्या?" ती जरा चिडली. मग तिने पदराने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं. "दादा, माझा नवरा पिऊन मेला. म्या त्येची वकारी काढली, त्येचे कपडे धुतले. आजबी कुनाच्या तोंडाचा वास आला तर माझ्या पोटात ढवळतं. तुमाला नकार धाडला तवा मला बरं वाटलं व्हतं. म्हनलं, येळंवर वाचलो."

तिने तांब्या उचलला आणि आता ते पाणी प्यायली, सगळं, न थांबता. मग तो रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पर ते गाडगं माझ्याम्होरं आलं असतं ना दादा, तर म्या बी गिळलं असतं. चारी गिलास गिळले असते."